सोसायटीच्या विहिरीत डिझेल गेलंय, कशाने टिपायचं?

विहीरवाला | रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही कर्वेनगरला राहतो, जुनी सोसायटी, आवारात दगडी बांधणीची विहीर आहे, सोसायटीच्याही आधीची, व्यास साधारण वीस फूट. पाणी पीत नाही कोणी, पण फ्लशिंग, बाग, गाड्या धुणं सगळं तिच्यावर, उन्हाळ्यात टँकर वाचतात ते तिच्याच जिवावर. शुक्रवारी रात्री धो धो पाऊस, लाइट गेले, जनरेटर सुरू झाला आणि त्याच्या टाकीचा होज क्लॅम्पमधून निसटला (मेन्टेनन्सवाल्याने आदल्याच आठवड्यात बदललेला होता, असो). डिझेल पार्किंगमधून वाहत चरात गेलं आणि तो चर आम्हीच दोन वर्षांपूर्वी हौसेने रेनवॉटर हार्वेस्टिंग म्हणून विहिरीला जोडलाय. टाकीच्या हिशेबाने वीसेक लिटर आत गेलंय.

शनिवारी सकाळी आमच्या एका उत्साही सभासदांनी कोणाला न विचारता वखारीतून दोन पोती लाकडाचा भुसा आणून आत ओतला. अर्धा तास छान तरंगला, वाटलं झालं काम. दुपारी बघतो तर निम्मा बुडालेला, उरलेल्याची लापशी झालेली, संध्याकाळी माळीकाकांनी पंप लावला तर फूटव्हॉल्व्ह चोक. आता वर इंद्रधनुष्य, खाली भुसा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी शोभा, कारण सेक्रेटरी मीच. एकजण म्हणतायत कपड्याची पावडर टाकून ढवळा. कोणाला काही अनुभव आहे का?

टवाळ_पुणेकर | ९:२२

वीस फुटी मिसळ झालीय तुमची. दोन लाद्या पाव सोडा, तर्री पावात, रस्सा खाली.

भोसरीकर | ९:४०

टवाळ, तू चेष्टेत बोललास पण सगळी गोम त्यातच आहे. पाव तर्री पितो आणि रस्साही पितो, म्हणून फुगून खाली बसतो. भुशाचं तेच झालं.

विहीरवाला, आधी दोन गोष्टी. पंप बंद ठेवा, पाण्याची पातळी खाली गेली की तेल दगडांना आणि सांध्यांना माखत जातं, मग ते महिनाभर झिरपत राहणार. आणि पावडर अजिबात टाकू नका!! पावडरीने तेल जात नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खालपर्यंत मिसळतं, आत्ता निदान वर दिसतंय तरी. आणि कोणालाही खाली उतरवू नका, विहिरीत वाफ कोंडते, हवा नसते, दरवर्षी कुठे ना कुठे विहीर साफ करायला उतरलेली माणसं गेल्याची बातमी असते. मेणबत्ती सोडून हवा बघायचा जुना उपाय तर डिझेलवर करायचाच नाही.

भुशाबद्दल. आमच्या शॉपमध्ये मशिनखाली हायड्रॉलिक ऑइल सांडलं की वर्षानुवर्षं भुसाच टाकतो आणि मस्त चालतो, रस्त्यावर ऑइल सांडून टू-व्हीलर घसरायला लागल्या की अग्निशमनवाले माती टाकतात तीही चालते. कारण तिथे जमीन कोरडी, शोषायला फक्त तेलच आहे. पाण्यावर मात्र भुशासमोर दोन ताटं वाढलेली असतात आणि लाकडाला पाणी जास्त आवडतं. तेव्हा पाण्यावर टाकायच्या वस्तूला विचारायचा पहिला प्रश्न तेल किती पितेस हा नाही, पाणी नाकारतेस का हा आहे.

आमच्याकडे पांढरे पॅड असतात, पॉलिप्रॉपिलीनचे, पाण्यात तासन्‌तास ठेवा, पाणी घेत नाहीत आणि तेल दिसलं की गट्टम. इंडस्ट्रियल सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. एक पॅड पूर्ण भिजला तर साधारण पाऊण ते एक लिटर घेतो. चाळीसेक आणा आणि सॉक्स पण आणा, म्हणजे लांब सापासारखे गुंडाळे.

मृण्मयी_क | ११:०५

पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कोविडमधले निळे मास्क ना? त्यातला मधला पांढरा थर वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांचाच असतो असं तेव्हा वाचलेलं. घरात अजून दोन पाकिटं पडून आहेत.

भोसरीकर | ११:११

बरोब्बर, तीच जात. फक्त वीस फुटी विहिरीला मास्क किती लागतील त्याचा हिशेब तुम्हीच करा :)

चीफसाहेब | १२:३०

नमस्कार. जहाजावर इंजिनरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, आता सहकारनगरला रिटायर्ड. ४०० ग्रॉस टनेजच्या वरच्या प्रत्येक जहाजाला तेल सांडलं तर काय करायचं याचा लेखी प्लॅन ठेवावा लागतो, त्याला आम्ही सोपेप म्हणतो, आणि त्या सामानाचं एक लॉकर असतं. गंमत अशी की त्या लॉकरमध्येही भुशाची पोती असायची, पण डेकवर वापरायला. समुद्रात भुसा टाकलेला मी कधी पाहिला नाही.

आधी सेक्रेटरीसाहेबांची झोप परत आणतो. ते इंद्रधनुष्य दिसतंय ना, त्याची जाडी किती असते? पट्टेदार रंग दिसतात तेव्हा थर ०.३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, युरोपात विमानातून तेल शोधणारे याच हिशेबाने अंदाज बांधतात. तुमच्या विहिरीचं तोंड म्हणजे अंदाजे २९ चौरस मीटर. अख्ख्या विहिरीवर रंग पसरलेले असले आणि सगळीकडे पाच मायक्रॉन धरले तरी तेल होतं १४५ मिलिलिटर. दीड कप चहा. म्हणजे दिसतंय त्यावर जाऊ नका, रंग हा गरीब थर आहे. श्रीमंत थर रंगीत नसतो, तो काळपट किंवा तेलाच्याच रंगाचा, जड, न हलणारा दिसतो. वीस लिटर तुमच्या विहिरीवर सारखं पसरलं असतं तर पाऊण मिलिमीटरच्या जरा आत भरलं असतं. तेव्हा बघून सांगा, सगळीकडे रंग आहेत की कुठे कोपऱ्यात दाट साय जमलीय?

विहीरवाला | १२:५५

चीफसाहेब, टॉर्च मारून बघून आलो. पायऱ्यांच्या बाजूला, जिथे चराचं पाणी पडतं तिथून वळून कोपऱ्यात, दोन हात रुंद पिवळसर पट्टा आहे, त्यात भुसा, पिंपळाची पानं आणि एक क्रिकेटचा बॉल अडकलाय. बाकी सगळीकडे रंग. वास मात्र भयंकर.

चीफसाहेब | १३:०२

मग काम सोपं आहे. तुमचं बहुतेक डिझेल त्या पट्ट्यात आणि त्या भुशात आहे. तिथे पॅड टाकू नका लगेच! आधी पत्र्याच्या डब्याला दोरी बांधून किंवा पसरट सुपलीने वरचं जेवढं निघेल तेवढं भुशासकट उपसा, बादलीत निवत ठेवा, पाणी खाली डिझेल वर, वरचं वेगळ्या कॅनमध्ये. मोठ्या गळतीतही हाच क्रम असतो, आधी बूमने म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या लांब अडसराने अडवायचं, स्किमरने म्हणजे पळीने काढायचं आणि शोषणाऱ्या वस्तू शेवटच्या हाताला. सायीवर पॅड टाकले की पॅडचा डोंगर होतो आणि मग तो डोंगर कुठे ठेवायचा हा नवा प्रश्न.

कापूसकोंड्या | १४:४०

यवतमाळचा माणूस आहे, कापसाची बाजू घ्यायलाच हवी. सगळे पॉलिप्रॉपिलीन पॉलिप्रॉपिलीन करताय, अहो कच्चा कापूस काय वाईट आहे? जिनिंगमधून आलेला, सरकी काढलेला पण न धुतलेला कापूस पाण्यात टाकून बघा, बुडतच नाही. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा थर असतो. मेडिकलमध्ये मिळतो तो कापूस उकळून, ब्लीच करून ते मेण काढलेला असतो म्हणून तो रक्त, पाणी पटकन पितो. मेण काढलं की पाण्याचा, ठेवलं की तेलाचा. टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार यांच्या गटाने यावर काम केलंय, कमी प्रतीचा, अपरिपक्व तंतूंचा कापूस, ज्याला बाजारात भाव मिळत नाही, तोच क्रूड म्हणजे कच्चं खनिज तेल जास्त धरतो, आपल्या वजनाच्या तीस पटीच्या वर. आमच्याकडे फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेल्या, कापसाला व्यापारी नाक मुरडतात ते आठवलं.

मृण्मयी_क | १७:१५

मुलाला सुट्टी, बाहेर पाऊस, म्हणून घरीच प्रयोग केला, लांबलचक आहे पण लिहितेच.

पितळी परात, तीन बोटं पाणी. तेल दिसायला हवं म्हणून गोडेतेल गरम करून त्यात काश्मिरी मिरचीपूड टाकली, गाळून लालभडक तर्री पाण्यावर सोडली. मग पाच वाट्यांत पाच वस्तू, मेडिकलचा कापूस, गादीवाल्याकडचा कच्चा कापूस, सासूबाईंच्या जुन्या उशीतली सावर (उशी आधीच उसवली होती, प्लीज त्यांना सांगू नका), मास्क कापून त्याचे तुकडे आणि कंगव्यातले माझे केस.

मेडिकलचा कापूस टाकल्याटाकल्या वितळल्यासारखा खाली गेला, काढून पिळला तर गुलाबी पाणी, तेल नावाला. कच्चा कापूस मात्र बदकासारखा वर बसून राहिला, कडेने लाल रंग आत चढत गेला, दोन मिनिटांत अख्खा केशरी. पण सुरुवातीला तो चालढकल करतो, गोळा घट्ट असेल तर आत तेल जातच नाही, पिंजून टाकावा लागतो. मास्कचे तुकडे उत्तम, पण पातळ, लगेच भरले. केसांनी तेल धरलं खरं, पण ते शोषत नाहीत, नुसतं अंगाला लावून घेतात, उचलले की थेंब थेंब परत परातीत.

आणि सावर! चिमूटभर सावर, वजन म्हणाल तर काहीच नाही, फुंकरीने उडते, तिने दोन डाव तेल पिऊन टाकलं आणि परातीत तेवढी गोल जागा आरशासारखी स्वच्छ झाली. माझा मुलगा ओरडला, आई इरेजर! उचलून पिळली तर तेलच निघालं, पाणी जवळजवळ नाहीच. हातांचा वास आणि रंग अजून जात नाहीये ते वेगळं.

सावर_आज्जी | १७:५०

मृण्मयी, सावरीचा तंतू आतून पोकळ नळी असतो बाळा, वरून मेण. म्हणून पूर्वी बोटीवरच्या लाइफ जॅकेटातही सावरच भरायचे, पाणी शिरत नाही. उशीची ती पांढरी सावर, आणि आपल्या टेकडीवर फेब्रुवारीत लाल फुलते ती काटेसावर, दोघी बहिणी. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि तो कापूस असाच वाऱ्यावर जातो, कोणी गोळा करत नाही. उशीचं सासूबाईंना मी सांगणार नाही.

केशकर्तनालय | १८:२०

केसांना का हिणवताय? २०१०ला मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली तेव्हा अमेरिकेतल्या सलूनवाल्यांनी केस पाठवले होते, बायकांच्या स्टॉकिंग्जमध्ये भरून त्याचे बूम केले होते, मी पेपरात फोटो पाहिलेला.

चीफसाहेब | १९:०५

पाहिलात तो खरा. डीपवॉटर होरायझन, २० एप्रिल २०१०, अकरा माणसं गेली आणि विहीर ८७ दिवस ओकत होती. केसांची कल्पना त्याच्याही आधीची, १९८९ला अलास्कात एक्झॉन वाल्देझ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा अलाबामातल्या फिल मॅक्रोरी नावाच्या केशकर्तनकाराने टीव्हीवर तेलाने माखलेलं पाणमांजर पाहिलं, त्याच्या डोक्यात आलं की फरला एवढं तेल चिकटतं तर माझ्या दुकानातल्या केसांना का नाही. पण पुढचं कोणी सांगत नाही, २०१०ला जमलेले ते केसांचे बूम सरकारी मोहिमेने वापरले नाहीत. चाचणीत ते नेहमीच्या बूमपेक्षा तेल कमी आणि पाणी खूप जास्त घेत होते, जड होऊन बुडायचे. मृण्मयीताईंच्या परातीत जे दिसलं तेच.

पण म्हणून घरगुती वस्तूंना हसायचं नाही. २५ जुलै २०२०ला मॉरिशसच्या प्रवाळावर वाकाशिओ नावाचं जहाज चढलं, ऑगस्टमध्ये टाकी फुटून अंदाजे हजार टन इंधन लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात आलं. तिथल्या लोकांनी सरकारची वाट न बघता उसाचं पाचट कापडात भरून, प्लास्टिकच्या बाटल्या बांधून मैलभर लांब होतील असे बूम शिवले. आपली मराठी माणसं पण आहेत तिथे पिढ्यान्‌पिढ्या, ऊस त्यांना नवा नाही. पाचट स्वतःहून काही जादू करत नाही, ते जाड आणि चिकट इंधन तंतूंना अडकतं आणि बाटल्या सगळं तरंगत ठेवतात, म्हणून चाललं. पाचटाच्या जागी तुमचा भुसा मोकळा टाकला असता तर तिथेही लापशीच.

टवाळ_पुणेकर | १९:३०

थोडक्यात भुशाला पिशवी हवी होती.

चीफसाहेब | १९:३४

हो. जे टाकाल ते परत ओढून काढता आलं पाहिजे. टाकायच्या आधी दोरी.

विहीरवाला | सोमवार, रात्री १०:१५

अपडेट देतो, आणि एक गाढवपणाही कबूल करतो.

सकाळी सायीचा पट्टा उपसला. खाली कोणी उतरलं नाही, काठावरूनच. आमच्या शेजाऱ्यांकडे आंबे उतरवायचा झेला होता, अठरा फुटी बांबूचा, त्याच्या जाळीला आतून मच्छरदाणीचं कापड लावलं आणि भुसा, पानं, बॉल सगळं वर. अकरा बादल्या. निवल्यावर वरचं जवळपास बारा लिटर डिझेल कॅनमध्ये भरलं. बॉलचा मालक येऊन बॉल मागून गेला, वास येतोय म्हणून परत देऊन गेला.

मग दुपारी हाफ डे टाकून पॅड आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं कसले हवेत, मी म्हटलं ऑइल शोषणारे, त्याने करडे दिले, म्हणाला हे युनिव्हर्सल, सगळ्याला चालतात. मलाही वाटलं युनिव्हर्सल म्हणजे भारीच असणार. चाळीसपैकी दहा पाण्यावर सोडले आणि डोळ्यांदेखत पाच मिनिटांत दहाच्या दहा ओले गोणपाट. एकेक उचलताना झेल्याचा बांबू वाकत होता. पाणीच पाणी.

भोसरीकर | १०:३१

अरेरे, हे माझंच चुकलं, मी पांढरे लिहिलं पण का ते लिहिलं नाही. रंगाची भाषा आहे ती. पांढरा म्हणजे फक्त तेल. करडा युनिव्हर्सल, तेल, कूलंट, पाणी जे येईल ते. पिवळा केमिकलसाठी, ॲसिड वगैरे. करड्यात मुद्दाम असं द्रव्य असतं की पाणी आवडेल, फॅक्टरीच्या फरशीवर तेच हवं असतं. विहिरीत तो म्हणजे महागडा भुसा. उरलेले तीस परत घेतो का बघा.

विहीरवाला | १०:३८

दोन फोन केले. "एकदा विकलेला माल..."

कापूसकोंड्या | १०:४५

आता तरी ऐका माझं. कांद्याच्या जाळीच्या लाल गोणी घ्या, कच्चा कापूस पिंजून सैल भरा, तोंड शिवा, दोन्ही टोकांना दोरी. गोण्या मार्केट यार्डात मिळतील, कापूस गादीवाला देईल, पॅडच्या निम्म्या पैशात होईल. घट्ट भरू नका, मृण्मयीताईंनी लिहिलंय त्याप्रमाणे गोळा झाला की आत जात नाही.

विहीरवाला | बुधवार, रात्री ९:००

कापूसकोंड्यांचं ऐकलं. आठ गोण्या भरल्या, गच्चीवर बसून सोसायटीतल्या पोरांनी कापूस पिंजला, सगळ्यांचे केस पांढरे. चार पांढरे सॉक्सही आणले, यावेळी बाटलीतलं पाणी पॅडवर ओतून खात्री करून. चीफसाहेबांनी फोनवर सांगितलं तसं बागेच्या पाईपची हलकी धार पाण्याच्या पृष्ठभागावर तिरकी मारत राहिलो, तेल त्या धारेपुढे मेंढरांसारखं सरकतं, अगदी हाकता येतं! सगळं पायऱ्यांच्या कोपऱ्यात नेलं, कोपऱ्याच्या तोंडावर सॉक्सची अर्धगोल माळ, आत गोण्या. जोरात धार मारली की तेल सॉक्सच्या खालून निसटतं, हे चुकून कळलं.

पहिल्या तासात गोण्या खालून पिवळ्या झाल्या. नंतर वेग पडला. रात्रभर तशाच ठेवल्या, सकाळी कोपरा जवळपास साफ. दुपारी मात्र मजेशीर प्रकार. काठावर उभं राहून बघितलं तर मधोमध खालून एक बुडबुडा येतो, वर फुटतो आणि क्षणात हातभर रंगीत चकती पसरते. मग दुसरा. तळाचा भुसा सोडतोय एकेक थेंब.

चीफसाहेब | ९:२५

बुडालेलं तेल असंच हप्त्याने परत येतं. तो भुसा काढल्याशिवाय हे थांबणार नाही. वरचं साफ झाल्यावर गाळ उपसणाऱ्याकडून तळ साफ करून घ्या, त्याला आधी सांगा की गाळात डिझेल आहे, आणि तोवर दोन गोण्या तरंगत ठेवा, सकाळ संध्याकाळ उलट्या करा.

आणि वीस लिटरांतले वीसच्या वीस परत मिळतील अशी आशा धरू नका. डिझेलचा हलका भाग उडून जातो, तोच तुम्हाला वास येतोय. तुम्ही नशीबवान, डिझेल पातळ, कापसात चढतं. २०१७च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा जे आलं ते जड फर्नेस ऑइल, गार पाण्यात श्रीखंडासारखं. ते तंतूंच्या आत शिरतच नाही, वरून लेप बसतो. तिथे पोरांनी किनाऱ्यावर बादल्यांनी उपसलं ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं आणि हसले, पण त्या मालाला बादलीच योग्य होती. मुंबईला ७ ऑगस्ट २०१०ला एमएससी चित्रा आणि खलिजिया यांची टक्कर झाली तेव्हाचं तेल तिवरांत घुसलं, मुळांच्या जंगलात पॅड टाकणार कुठे आणि काढणार कोण, माणसं आत शिरली तर चिखल तुडवून तेल आणखी खाली जातं.

कोकणात_जाणारी | ९:५०

पावसाळ्यात अलिबागला पायाला चिकटतात ते डांबराचे गोळे हेच का? आम्ही खोबरेल तेलाने काढतो.

चीफसाहेब | ९:५६

बहुतेक तेच, समुद्रात महिनोन्‌महिने मुरलेलं तेल. आणि खोबरेल बरोबर आहे, तेलाला तेलच सोडवतं.

जीवाणूप्रेमी | गुरुवार, सकाळी ८:१०

तेल खाणारे जीवाणू का नाही टाकत? टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेने इंडियन ऑइलबरोबर ऑइलझॅपर म्हणून केलंय, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांच्या भुकटीवर जीवाणू बसवलेले असतात. आणि आनंद मोहन चक्रवर्तींच्या तेल खाणाऱ्या जीवाणूवर तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९८०ला निकाल लागला होता, पाच विरुद्ध चार, सजीवाचं पेटंट घेता येतं म्हणून.

भोसरीकर | ८:४०

जमिनीवरच्या गाळाला, ढिगाला ते चांगलं आहे, मुंबईला २०१०लाही वापरलं होतं. पण आठवडे लागतात आणि त्यांना हवा लागते. बंद विहिरीत तेल खाता खाता पाण्यातला ऑक्सिजनही संपवतील. तळाचा भुसा वर काढल्यावर त्याच्यावर करून बघता येईल.

दुसरं, विहीरवाला, वर तवंग दिसेनासा झाला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं समजू नका. डिझेलचा थोडा भाग पाण्यात विरघळतो, तो कापसाला, पॅडला सापडत नाही, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लागतो. लॅबमध्ये नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे.

चीफसाहेब | ८:५५

आणि आम्हाला जहाजातून समुद्रात १५ पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १५ भाग तेल, सोडायला परवानगी. समुद्र मोठा आहे म्हणून. तुमची विहीर नाही.

सावर_आज्जी | ९:२०

बागेला पण घालू नका हो ते पाणी इतक्यात. आमच्या एका कुंडीत रॉकेल सांडलं होतं, मोगरा दोन वर्षं रुसला.

विहीरवाला | पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

गाळवाले येऊन गेले, तळातून सात पोती निघाली, काळा चिखल आणि भुसा. चकत्या येणं नव्वद टक्के थांबलंय. नमुना लॅबला दिलाय, तोवर विहिरीचं पाणी बंद, टँकर चालू, ग्रुपवर शोभा चालू. चराचं तोंड फोडून विहिरीपासून तोडलं, आता फक्त गच्चीचं पाणी आत जाईल. पार्किंगचं पाणी विहिरीला जोडा ही सूचना कोणाची होती ते मिनिट्समध्ये शोधलं, माझीच निघाली.

पण आता खरा प्रश्न. आठ गोण्या, दहा करडे पॅड, सॉक्स, उपसलेला भुसा. हे टाकायचं कुठे? घंटागाडीवाल्या ताईंना विचारलं, त्यांनी वास घेतला आणि गाडी पुढे नेली, त्यांचं काही चुकलं नाही.

भोसरीकर | ९:५०

घंटागाडीत तर नाहीच, जाळायचं पण नाही. २०१६च्या घातक कचरा नियमांत तेलाने माखलेल्या चिंध्या आणि पुसायच्या वस्तू स्पष्ट लिहिलेल्या आहेत, ३३.२ नंबरला. कारखान्यांचा असा माल रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात जातो, प्रत्येक खेपेला कागद लागतात, त्यामुळे मी माझ्या कंपनीच्या गाडीत तुमच्या गोण्या चढवू शकत नाही, विचारू नका, मनात असूनही नाही जमणार. तुमच्या जनरेटरवाल्याला धरा, जुनं ऑइल आणि फिल्टर त्याला नियमाने कुठेतरी द्यावेच लागतात, पाईपही त्याचाच होता. तोवर झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये, उन्हापासून लांब, वर चिठ्ठी लावून ठेवा.

सुतारकाम_छंद | १०:०५

एक जोड देतो, डिझेलच्या चिंध्या शांत असतात पण लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या कधी गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, आमच्या वर्कशॉपचा कोपरा गेलाय त्यात. त्या ड्रममध्ये दुसरं कोणी काही टाकणार नाही एवढं बघा.

विहीरवाला | बुधवार, सकाळी ७:४५

जनरेटरवाला हो म्हणालाय, "येत्या आठवड्यात". ड्रम माझ्याच पार्किंगमध्ये ठेवलाय, स्कूटर बाहेर पावसात. चिठ्ठी लावली होती, "घातक कचरा, उघडू नये". आज सकाळी बघतो तर झाकणावर कोणीतरी तुळशीची कुंडी आणून ठेवलीय, पाणी पण घातलंय. ग्रुपवर विचारलं कुंडी कोणाची, अजून कोणी कबूल होत नाहीये.